जुन्या संगणकाच्या टेप बॅकअप ड्राइव्हमधील डेटा त्रुटी : कारणमीमांसा व शोधनपद्धती

प्रस्तावना

१९९० ते २००५ या कालखंडात संगणकावरील माहितीची दुसरी प्रत जपून ठेवण्याचे प्रमुख साधन म्हणजे चुंबकीय फीत हे होते. हार्ड डिस्कची किंमत त्या काळी मोठी होती, सीडी लिहिणारी यंत्रे प्रारंभी दुर्मीळ होती आणि आंतरजालावर माहिती साठविण्याची सोय सर्वसामान्य शिक्षणसंस्थेच्या आवाक्यात नव्हती. त्यामुळे एखाद्या विभागाने केलेले ग्रामीण सर्वेक्षण, ग्रंथालयाची सूची, प्रयोगशाळेतील मापनांच्या नोंदी अथवा कार्यालयातील प्रवेशाचे तपशील अशी बहुविध सामग्री काडेपेटीहून थोड्या मोठ्या कार्ट्रिजमध्ये बंद होऊन कपाटात गेली. मूळ संगणक पुढे निकालात निघाले. परिणामी अनेकदा 'दुसरी प्रत' म्हणून ठेवलेली फीत हीच आज एकमेव प्रत उरलेली असते.

अशी फीत जुन्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून वाचावयास घेतली असता काही वेळ यंत्र घरघरते आणि मग पडद्यावर 'डेटा एरर' एवढेच शब्द उमटतात. बहुतेक वापरकर्ते यानंतर तीन गोष्टी करतात : तीच फीत पुनःपुन्हा वाचून पाहतात, साफसफाईचे कार्ट्रिज चार-पाच वेळा फिरवतात आणि शेवटी फीत नव्याने फॉरमॅट करून पाहतात. यांपैकी पहिली गोष्ट फितीस अपायकारक ठरू शकते, दुसरी अतिरेकाने हेडची झीज करते आणि तिसरी तर उरलेली माहितीही गमावते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, 'डेटा एरर' ही केवळ तक्रार आहे. आरोपी कोण हे ती सांगत नाही. तो शोधण्याचा एक क्रम आहे, आणि त्या क्रमात संशयित फितीस हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे डीडीएस या प्रकारच्या, स्कझी जोडणीवर चालणाऱ्या ड्राइव्हचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. ह्युलेट-पॅकार्ड व सोनी या कंपन्यांनी ध्वनिमुद्रणाच्या डॅट तंत्रावरून १९८९ मध्ये हा प्रकार सिद्ध केला. त्याहून जुन्या पाव इंची क्यूआयसी कार्ट्रिजांचा निर्देश जेथे वेगळेपणा आहे तेथेच केला आहे.

फितीवरील नोंदीचे स्वरूप

डीडीएस फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर असते. डीडीएस-२ या पिढीतील १२० मीटर लांबीच्या फितीची जाडी अवघी सुमारे ७ मायक्रोमीटर असून तीवर ४ गिगाबाइट माहिती मावते. ही किमया साधते ती तिरप्या नोंदीमुळे. हेड एका फिरत्या ड्रमवर बसविलेले असतात. फीत त्या ड्रमभोवती काहीशी कलती गुंडाळली जाते आणि तिच्या रुंदीवर एकामागून एक तिरपे ट्रॅक उमटत जातात. डीडीएस-१ मध्ये एका ट्रॅकपासून दुसऱ्या ट्रॅकपर्यंतचे अंतर १३.६ मायक्रोमीटर होते. डीडीएस-२ मध्ये ते ९.१ मायक्रोमीटरवर आले. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ७० मायक्रोमीटर धरली तर एका केसाखाली सात ट्रॅक झाकले जातील. हेडवर बसलेला धुळीचा कण येथे काय अनर्थ करू शकतो, याची कल्पना यावरून यावी.

अर्थात रचनाकारांनी हा धोका गृहीत धरला होता. माहितीबरोबरच तिच्या दुरुस्तीचे गणित फितीवर लिहिले जाते. हे गणित इरव्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीवर आधारलेले आहे. डीडीएसमध्ये त्याचे तीन थर असतात. पहिले दोन थर लहानसहान ओरखडे भरून काढतात. तिसरा थर २२ चौकटींच्या प्रत्येक गटामागे आणखी एक चौकट जोडतो व तिच्या आधारे गटातील पूर्णतः नष्ट झालेले ट्रॅकही काही मर्यादेत पुन्हा उभे करता येतात. शिवाय लिहिताना प्रत्येक नोंद लगोलग दुसऱ्या हेडने वाचून पाहिली जाते आणि ती सदोष आढळल्यास पुढे पुन्हा लिहिली जाते.

या साऱ्यानंतर दुरुस्त न होणाऱ्या चुकीचे प्रमाण उत्पादकांनी दर १० च्या १५ व्या घाताइतक्या बिटांमागे एकाहून कमी असे दिले आहे. ४ गिगाबाइटच्या फितीवर सुमारे ३२ अब्ज बिट असतात. म्हणजे तीस हजारांहून अधिक फिती काठोकाठ भरून वाचल्या तर कोठे एखादी चूक निसटावी. तेव्हा एकाच फितीवर, एकाच दुपारी तीन ठिकाणी 'डेटा एरर' येत असेल, तर त्यास जुन्या यंत्राचा स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. साखळीतील एखादा दुवा निश्चितपणे बिघडलेला आहे.

आणखी एक गोष्ट या रचनेतून निष्पन्न होते व ती पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दुरुस्तीचे हे गणित ड्राइव्हच्या आत होते. ड्राइव्हपर्यंत जे पोहोचले त्याचेच रक्षण ते करते. संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, एखादा बिट आधीच उलटला असेल तर ड्राइव्ह ती चूक अत्यंत निष्ठेने फितीवर उतरवितो आणि वीस वर्षांनी तितक्याच निष्ठेने परत देतो.

ड्राइव्हची साक्ष

यावरून त्रुटींचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात ड्राइव्ह स्वतः तक्रार करतो. दुसऱ्या वर्गात ड्राइव्ह मौन पाळतो, वाचन सुरळीत संपते, परंतु उघडलेली फाइल बिघडलेली निघते अथवा संकुचित संग्रह उलगडताना बेरीज जुळत नसल्याची सूचना येते. दुसऱ्या वर्गात फितीला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे संशय रॅमवर, केबलवर किंवा बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर घ्यावयाचा असतो. निर्णय करण्याची साधी युक्ती म्हणजे तोच भाग दोनदा वाचून दोन्ही प्रतींची तुलना करणे. दोन वाचनांतील चूक भिन्न जागी असेल तर बिघाड आजच्या वाटेवर आहे. चूक दोन्ही वेळा एकाच जागी असेल तर बहुधा ती लिहितानाच घडलेली आहे.

पहिल्या वर्गात ड्राइव्हची तक्रार नीट वाचावी लागते. बॅकअपचे सॉफ्टवेअर ती संक्षेपाने सांगते व संक्षेपात नेमके हवे ते गळते. स्कझी ड्राइव्ह प्रत्येक अपयशासोबत एक कारणांक पाठवितो, ज्याला 'सेन्स की' म्हणतात. लिनक्समध्ये तो कर्नलच्या नोंदींत जसाच्या तसा दिसतो. 'रिकव्हर्ड एरर' म्हणजे चूक झाली होती पण दुरुस्त झाली. 'मीडियम एरर' म्हणजे फितीवरील नोंद वाचता आली नाही. 'हार्डवेअर एरर' म्हणजे ड्राइव्हचे स्वतःचेच यंत्र बिघडले. 'ब्लँक चेक' म्हणजे जेथे वाचण्यास सांगितले तेथे नोंद संपली आहे. आणि 'अबॉर्टेड कमांड' हा शेरा जर पॅरिटी चुकल्याच्या उपकारणासह आला, तर दोष वाहिनीत, म्हणजे केबल वा तिच्या टोकात आहे. विंडोज एनटी किंवा विंडोज २००० असलेल्या संगणकावर इतका तपशील मिळत नाही. तरीही इव्हेंट व्ह्यूअरमधील ७ क्रमांकाची नोंद सदोष ब्लॉकची, ९ क्रमांकाची नोंद उपकरणाने वेळेत उत्तर न दिल्याची आणि ११ क्रमांकाची नोंद कंट्रोलरच्या चुकीची असते. ९ आणि ११ या क्रमांकांची रांग लागली असेल तर कार्ट्रिज बाजूला ठेवून संगणकाचे झाकण उघडावे हे बरे.

'मीडियम एरर' या शब्दप्रयोगाने मात्र फसू नये. नाव 'माध्यमाची चूक' असे असले तरी मळलेले हेड नेमका हाच शेरा देते. ड्राइव्हला फीत आणि हेड यांतील भेद कळत नाही. त्याला एवढेच कळते की अपेक्षित संकेत आला नाही. येथेच चाचणीच्या फितीची गरज उत्पन्न होते. ज्यावर काहीही मोलाचे नाही अशी, त्याच पिढीची एक चांगली फीत घ्यावी, तीवर दोनतीनशे मेगाबाइट लिहावे आणि परत वाचून पडताळावे. तीही अडखळली तर दोष ड्राइव्हकडे वा जोडणीकडे जातो. ती निर्वेध वाचली गेली तरच संशयित फितीविषयी काही बोलण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो. बराच काळ बंद असलेल्या ड्राइव्हमध्ये पहिली फीत नेहमी चाचणीचीच घालावी, यास आणखी एक कारण आहे : काही जुन्या क्यूआयसी ड्राइव्हमधील फीत ओढणारा रबरी रोलर कालांतराने डांबरासारखा चिकट होतो आणि पहिल्याच फितीस चिकटून तिची नासाडी करतो.

जोडणी, वीजपुरवठा आणि मुख्य संगणक

स्कझी वाहिनी ही एक लांब तार आहे व तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. एक टोक मोकळे राहिले तर संकेत तेथून परावर्तित होऊन माघारी येतो, दरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी मूळ आवाजात मिसळावा तसा. गंमत अशी की अशी सदोष जोडणी पुष्कळदा चालते. लहान फाइली जातात, ड्राइव्ह ओळखला जातो, आणि दीर्घ बॅकअपमध्येच चुका डोकावतात. त्यामुळे 'काल तर चालत होते' हा पुरावा येथे ग्राह्य धरता येत नाही. दोन टोकांना दोनच टर्मिनेटर आहेत ना, मध्येच एखाद्या उपकरणावर तिसरा राहून गेला नाही ना, प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा आहे ना, हे पाहावे. ७ हा क्रमांक सामान्यतः कंट्रोलर कार्डाचा असतो. ६८ पिनांच्या वाहिनीवर ५० पिनांचा जुना ड्राइव्ह साध्या जोडसाधनाने लावला असेल तर उरलेल्या तारा टर्मिनेशनविना राहतात. हा दोष सहज नजरेतून सुटतो. फास्ट स्कझी-२ साठी वाहिनीची एकूण लांबी ३ मीटरपर्यंत मर्यादित ठेवावयाची असते, हेही बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हच्या बाबतीत विसरले जाते.

क्यूआयसी-८० प्रकारचे ड्राइव्ह स्कझीऐवजी संगणकाच्या फ्लॉपी कंट्रोलरवर चालत. त्यांत ३२ सेक्टरांच्या प्रत्येक खंडात २९ सेक्टर माहितीचे व ३ सेक्टर दुरुस्तीचे असतात. अशा ड्राइव्हचा लिनक्समधील चालक २००७ च्या सुमारास मुख्य कर्नलमधून वगळण्यात आला. तेव्हा त्या फिती वाचण्यासाठी त्या काळातील संगणक, त्या काळातील प्रणालीसह चालू स्थितीत ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

जुन्या संगणकाचा वीजपुरवठाही तपासणीत घ्यावा. कपॅसिटर निकामी होऊ लागले की मोटरला मिळणारा दाब भार पडताच ढळतो आणि फितीची गती डगमगते. रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवावी. पॅरिटीविना रॅम असलेल्या संगणकात ही चाचणी टाळणे म्हणजे दुसऱ्या वर्गातील त्रुटींना दार उघडे ठेवणे होय. मदरबोर्डावरील सेल संपून तारीख मागे गेली असेल तर माहिती बिघडत नाही, पण बॅकअपच्या सॉफ्टवेअरची सूची गोंधळते. तोही प्रकार वरवर पाहता 'फीत खराब' असाच भासतो.

हेडची स्वच्छता

डीडीएस ड्राइव्हसाठी साफसफाईचे कोरडे कार्ट्रिज मिळते. दर २५ तासांच्या वापरानंतर ते एकदा फिरवावे असा उत्पादकांचा दंडक होता, आणि एका कार्ट्रिजचा उपयोग सुमारे ५० वेळा होतो. प्रत्येक वेळी त्याची फीत थोडी पुढे सरकते व मागे घेतली जात नाही. संपलेले कार्ट्रिज वापरणे म्हणजे मळक्या फडक्याने फळा पुसणे आहे. वेष्टनावर प्रत्येक वापराची खूण करण्याची जागा असते. ती बहुधा कोरीच राहते आणि मग कार्ट्रिज संपले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. एकदा, फार तर दोनदा स्वच्छ करून चाचणीच्या फितीवर फरक पडला नाही, तर तिसऱ्यांदा स्वच्छ करून तो पडत नाही. क्यूआयसी ड्राइव्हचे हेड स्थिर असल्याने ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बोळ्याने पुसता येते. डीडीएसच्या फिरत्या ड्रमवर मात्र बोळा फिरवू नये. त्याचे तंतू हेडच्या फटीत अडकतात.

हेड मळण्याचे एक कारण जुन्या संगणकाच्या संथपणात आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. फीत अखंड वाहती राहावी अशी ड्राइव्हची रचना असते. संगणक माहिती पुरवीत नसेल तर ड्राइव्ह थांबतो, थोडा मागे जातो, पुन्हा जागा शोधतो आणि पुढे निघतो. बूट चकाकविणाऱ्या फडक्याप्रमाणे फितीचा तोच तुकडा हेडवरून पुढेमागे घासला जातो. ड्राइव्हचा आवाज सलग न येता दर काही सेकंदांनी तुटत असेल तर हे घडत आहे असे समजावे. उपाय ड्राइव्हमध्ये नाही. अन्य कामे बंद करावीत, बफर वाढवावा आणि माहिती आधी हार्ड डिस्कवर एकत्र करून मग फितीवर लिहावी.

त्रुटी नसलेल्या त्रुटी

काही वेळा फीत, ड्राइव्ह व जोडणी सर्व निर्दोष असून केवळ प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे नकार मिळतो. फितीवरील ब्लॉक ज्या आकाराने लिहिला त्याहून लहान आकार वाचताना मागितला, तर लिनक्स 'मेमरी देता येत नाही' अशा आशयाची सूचना देते. ही सूचना पाहून रॅम वाढविण्याच्या खटपटीत पडण्याचे कारण नाही. ब्लॉकचा आकार बदलता ठेवून वाचन मोठ्या आकाराने सुरू केले की काम होते. टार या प्रचलित आज्ञेचा मूळ आकार १०,२४० बाइटचा असतो, परंतु व्यावसायिक सॉफ्टवेअर त्याहून बरेच मोठे ब्लॉक लिहीत असे.

संकोचनाचेही तसेच. एका ड्राइव्हने अंगभूत संकोचन वापरून लिहिलेली फीत त्या सोयीविना असलेल्या पहिल्या पिढीच्या ड्राइव्हला उलगडत नाही. पिढ्यांचा मेळही पाहावा लागतो : २००३ मध्ये आलेला डॅट-७२ ड्राइव्ह डीडीएस-३ व डीडीएस-४ च्या फिती वाचतो, त्याआधीच्या नाही. बाजारात जुना ड्राइव्ह शोधताना 'नवा तितका चांगला' हा नियम येथे उलटतो. विंडोजमधील एनटीबॅकअप या सॉफ्टवेअरने लिहिलेल्या फितींबाबत हेही लक्षात ठेवावे की, सर्व्हर २००८ पासून विंडोजसोबत येणाऱ्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधून फितीची सोय काढून टाकण्यात आली.

याच वर्गातील सर्वांत दुःखद प्रकार उपकरणाच्या नावामुळे घडतो. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात. एका नावाने काम संपताच फीत आपोआप आरंभाला गुंडाळली जाते, दुसऱ्या नावाने ती आहे तेथेच थांबते. पहिले नाव वापरून रोजचा बॅकअप एकापुढे एक लिहीत आहोत अशा समजुतीत असलेला वापरकर्ता वस्तुतः रोज आदल्या दिवसाचा बॅकअप पुसत असतो. प्रत्येक लेखनाच्या शेवटी ड्राइव्ह 'माहिती समाप्त' अशी खूण लिहितो आणि तिच्यापलीकडे, जुनी नोंद शारीरिकदृष्ट्या शिल्लक असली तरी, नेहमीच्या आज्ञांनी जाता येत नाही. 'ब्लँक चेक' हा शेरा अपेक्षेपेक्षा फार लवकर आला तर हीच शंका घ्यावी, आणि त्या फितीवर पुढे एक अक्षरही लिहू नये.

फितीची प्रकृती

एवढे सर्व निरसन झाल्यानंतर प्रत्यक्ष फितीकडे वळावे. जॉन व्हॅन बोगार्ट यांनी १९९५ मध्ये ग्रंथालये व अभिलेखागारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत चुंबकीय कण ज्या लेपात बसविलेले असतात त्या लेपाच्या ऱ्हासावर भर दिला आहे. हवेतील ओलावा लेपातील बहुवारिकाचे बंध तोडतो, लेप मऊ व चिकट होतो आणि हेडवर त्याची पुटे चढतात. सह्याद्रीच्या पश्चिमेस, जेथे पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते, तेथे उघड्या फडताळात ठेवलेल्या फितींस हा धोका अधिक. कडांवर पांढुरकी बुरशी दिसली तर ते कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालूच नये. बुरशी हेडमार्गे निरोगी फितींपर्यंत पोहोचते. वातानुकूलित खोलीतील फीत दमट खोलीत आणल्यावर, किंवा उलट, तिला एक दिवस स्थिरावू द्यावे. ध्वनिफिती मंद उष्णतेने भाजून तात्पुरत्या वाचनीय करण्याची रीत तज्ज्ञ प्रयोगशाळांत आहे, परंतु तिचे अनुकरण घरच्या भट्टीत माहितीच्या कार्ट्रिजवर करणे हे धाडस ठरेल.

क्यूआयसी कार्ट्रिजमध्ये फीत एका ताणलेल्या पट्ट्याने फिरते. वापराअभावी फितीचा ताण असमान होतो. यासाठी वाचनापूर्वी फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणावी, यास पुनर्ताणन म्हणतात. तथापि तीस वर्षांचा पट्टा या खटपटीतच तुटू शकतो. कार्ट्रिजचा पारदर्शक भाग असल्यास पट्टा सैल वा तडकलेला दिसतो का, हे आधी पाहावे. यांपैकी पुष्कळ फिती कारखान्यातच फॉरमॅट करून विकल्या जात. अनेक प्रकारांत ड्राइव्हला मार्ग दाखविणाऱ्या खुणा केवळ कारखान्यातच लिहिता येतात. चुंबकाने पुसलेली अशी फीत पुन्हा वापरता येत नाही.

ज्या ड्राइव्हने लिहिले तो ड्राइव्ह

आता सर्वांत कमी ध्यानात घेतल्या जाणाऱ्या कारणाकडे येऊ. वापराने ड्राइव्हची यांत्रिक जुळणी हळूहळू ढळते. फितीला मार्ग देणारे खांब किंचित सरकतात, ट्रॅकचा कल अंशमात्र बदलतो. लिहिणारा व वाचणारा ड्राइव्ह एकच असेल तोवर काही बिघडत नाही, कारण वाकड्या अक्षरांचा लेखक स्वतःचे हस्ताक्षर वाचू शकतोच. रोजची पडताळणी यशस्वी होते आणि वर्षानुवर्षे सर्व आलबेल भासते. एके दिवशी तो ड्राइव्ह निकामी होतो, नवा आणला जातो, आणि कपाटातील प्रत्येक फीत 'डेटा एरर' देऊ लागते.

या अवस्थेचे निदान दोन ड्राइव्ह व दोन फिती यांच्या आलटापालटीने होते. पहिल्या ड्राइव्हवर लिहिलेली चाचणीची फीत दुसऱ्यावर, दुसऱ्यावर लिहिलेली पहिल्यावर वाचावी. दोन्ही ड्राइव्ह आपापली फीत वाचतात पण परस्परांची वाचत नाहीत असे आढळले, तर फिती निर्दोष आहेत आणि जुळणी दोषी आहे. कोणता ड्राइव्ह ढळला हे तिसऱ्याच्या साक्षीने ठरते. येथे व्यावहारिक निर्णय मात्र सहजप्रवृत्तीच्या उलट जातो. ढळलेला ड्राइव्ह दुरुस्तीस देऊन 'सरळ' करून घेतला, तर त्याच्या जुन्या फिती वाचणारे कोणी उरत नाही. आधी त्या ड्राइव्हवरून सर्व फिती वाचून घ्याव्यात, मग त्याचे काय करावयाचे ते ठरवावे. भंगाराची यादी तयार करणाऱ्या समितीस हे कोणीतरी समजावून सांगणे अगत्याचे आहे, कारण साठा-नोंदवहीत ड्राइव्हची किंमत घसाऱ्यासह शून्य झालेली असते आणि फितींची किंमत लिहिलेलीच नसते.

यंत्र जपण्याचे मोल किती असते याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. १९६६-६७ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी पाठविलेली चंद्राची छायाचित्रे सुमारे १,५०० फितींवर नोंदलेली होती. त्या वाचणारे अँपेक्स एफआर-९०० हे ड्राइव्ह केव्हाच कालबाह्य झाले. नॅन्सी एव्हान्स या अभिलेखतज्ज्ञ बाईंनी त्यांपैकी काही आपल्या गॅरेजमध्ये सांभाळले म्हणूनच २००८ मध्ये नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातील एका बंद उपाहारगृहात हे काम सुरू होऊ शकले. हेडची पुनर्बांधणी करून ड्राइव्ह चालू झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये चंद्रक्षितिजावरील पृथ्वीचे १९६६ मधील छायाचित्र मूळ प्रसिद्ध प्रतीहून कितीतरी स्पष्ट स्वरूपात बाहेर आले. फिती तर होत्याच. अडले होते ते ड्राइव्हपाशी.

संशयित फितीचे वाचन

सर्व पूर्वतयारी झाल्यावर संशयित फितीचे लेखनसंरक्षण प्रथम चालू करावे. डीडीएस कार्ट्रिजवरील सरकती खिट्टी छिद्र उघडे राहील अशी ठेवली म्हणजे फीत संरक्षित होते. त्यानंतर बॅकअपच्या सॉफ्टवेअरमार्फत फाइली निवडत न बसता, संपूर्ण फीत जशीच्या तशी ब्लॉकामागून ब्लॉक हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. फाइली निवडून वाचताना फीत पुढेमागे पळते. सलग प्रतीत ती एकदाच जाते. डीडी या आज्ञेस त्रुटीवर न थांबता पुढे जाण्यास सांगता येते. एखाद्या जागी वाचन अडून राहिले तर तेथे झुंजत न बसता तो ब्लॉक ओलांडून पुढील सर्व भाग आधी मिळवावा, आणि अडलेल्या जागा नोंदवून ठेवाव्यात. स्वच्छतेनंतर, ड्राइव्ह बदलल्यानंतर किंवा हवा कोरडी असलेल्या दिवसांत केवळ तेवढ्याच जागांवर पुन्हा प्रयत्न करावा. दोन अपूर्ण प्रतींतून एक पूर्ण प्रत जुळविता येते, कारण चुका क्वचितच त्याच जागी पडतात.

हाती आलेल्या प्रतीतून किती वाचेल हे मुख्यतः मूळ लेखनाच्या पद्धतीवर अवलंबून असते. साध्या टार संग्रहात प्रत्येक फाइलच्या आरंभी स्वतंत्र शीर्षक असते. मध्ये खंड पडला तरी पुढील शीर्षकापासून वाचन सावरते व एकदोन फाइलींचेच नुकसान होते. तोच संग्रह एकसंध संकुचित केलेला असेल तर पहिल्या खंडापुढील जवळजवळ सर्व माहिती हातची जाते. मात्र साध्या टारची उणी बाजूही आहे : त्यात शीर्षकाची बेरीज तपासली जाते, फाइलमधील मजकुराची नाही. त्यामुळे सुखरूप उलगडलेली फाइल सुखरूप आहेच असे नाही. सर्वेक्षणाच्या तक्त्यात एखादा आकडा मुकाट्याने बदललेला असू शकतो, आणि अशा आकड्यावर पुढे प्रबंध उभा राहतो. छापील अहवाल उपलब्ध असल्यास त्यातील बेरजा व सरासऱ्या फितीवरून आलेल्या आकड्यांशी ताडून पाहणे हे काम संगणकतज्ज्ञाचे नसून त्या विषयाच्या प्राध्यापकाचेच आहे, आणि ते होईपर्यंत फीत व ड्राइव्ह दोन्ही जपून ठेवावेत.